लिंबाच्या कुंडीतली चिलटं

बाळांनो, तुम्ही सुट्टीत बी पेरून रुजवलेल्या लिंबाच्या रोपाभोवती चिलटं उडू लागली आणि पानं पिवळी पडली. ओल्या मातीत चिलटांच्या अळ्या कोवळी मुळं खातात, म्हणून मी पाणी बंद केलं. तरी माती ओलीच! वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या कुंड्या गळतात, तेव्हा संशय त्यांच्यावर गेला. मग एका सकाळी तुमचे आजोबाच तांब्या घेऊन गॅलरीत सापडले.

“अहो, पाणी घालू नका म्हटलं होतं ना?”

“पाणी कुठे घालतोय? कालचं शिळं ओतून टाकतोय.”

आता शिळ्या पाण्याने फरशी पुसली जाते. वरची माती सुकली, चिलटं कमी झाली, एक नवं पानही फुटलं. तरी आजोबा गॅलरीतून आत आले, की मी कुंडीत बोट खुपसून बघतेच.