न्हाणीघराच्या दारातला अबोला

रविवारची दुपार आहे. जेवणं झाली, खरकटं आवरलं आणि लीलाताई आतल्या खोलीत चटईवर आडव्या झाल्या आहेत. झोप येत नाही, जागही राहत नाही. मिटल्या पापण्यांच्या आत तांबूस उजेड हेलकावतो आहे, वर पंखा गरगरतो आहे आणि बाहेरच्या खोलीत प्रणिता बॅग भरते आहे.

प्रणिता उदगीरकडची. मिरजेत एका लॅबमध्ये कामाला लागली आणि तीन महिन्यांपूर्वी लीलाताईंकडे राहायला आली. स्वयंपाक आळीपाळीने, भाजी जिला वेळ ती आणणार, सगळं सुरळीत. एकच गोष्ट सोडून. पोरगी आंघोळीला गेली की लीलाताई दार वाजवतात. एकदा नाही, दर मिनिटाला. दाराला आतून कडीसुद्धा त्यांनी ठेवलेली नाही. का, ते सांगितलेलं नाही.

आज सकाळी पोरीला राहवलं नाही. "मावशी, पाणी वाचवायचं असेल तर मोजून बादली द्या मला. पण दार वाजवू नका. लाज वाटते."

लीलाताई भांडी लावत राहिल्या. सांगायचं तर शालनचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते त्यांनी कित्येक महिन्यांत घेतलेलं नाही. "संध्याकाळी जाते मी मैत्रिणीच्या रूमवर," एवढं बोलून प्रणितानेही तोंड मिटलं. तेव्हापासून घरात अबोला आहे.

लीलाताई कूस बदलतात, तर समोर शालन बसलेली.

शालन जाऊन सव्वा वर्ष झालं. दोघी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, आणि सव्वीस वर्षं एका घरात राहिल्या. दोघींनी संसार मांडला नाही, की मांडला तो हाच, हे लोकांनी आपापलं ठरवलं. आत्ता ती पाय पसरून बसली आहे. मांडीवर सूप, सुपात तूरडाळ आणि हरभराडाळ एकात एक मिसळलेली. ओल्या केसांच्या टोकांतून पाणी ठिबकतंय, पण चटई भिजत नाही.

"निम्मी निवडून झाली," शालन म्हणते. "तुझा चष्मा दे जरा."

"माझा चष्मा तुला चालत नाही."

"आता चालतो."

लीलाताई चष्मा काढून देतात, आणि बघतात तर ही आतली खोली नाहीच. हा एक्स्चेंजचा लांबलचक हॉल आहे. भोकाभोकांचा बोर्ड, त्याच्या लोंबत्या दोऱ्या. प्रत्येक भोकात डाळीचा एकेक दाणा बसलाय. शालन कानावर हेडफोन चढवते.

"कुणाला जोडून देऊ?"

"तुलाच जोड."

"मी एंगेज आहे," शालन म्हणते आणि पदराआड हसते. नोकरीत असतानाही ती असंच हसायची, सुपरवायझर पाठीशी उभा असताना.

बोर्डावर एक दिवा लुकलुकतो. लीलाताई दोरी खोचतात. कानात पाण्याचा आवाज येतो, नुसता वाहत्या पाण्याचा. हा आवाज त्यांना ओळखू येतो.

हॉलच्या टोकाला न्हाणीघराचं दार आहे. कसं आलं तिथं, कोण जाणे. लीलाताई चालतात, पण दार तेवढंच लांब राहतं. मग त्या थांबतात, तर दारच जवळ येतं. आतून शालनचा आवाज. बेसूर, भसाडा, लाडका.

"पहिला तांब्या बाई, ऊन ऊन पाण्याचा..."

आता पुढची ओळ लीलाताईंची. ही त्या घराची रीत होती. दोघीच राहणाऱ्या बायका, फरशी निसरडी. आत गेलेलीने एक ओळ म्हणायची, बाहेरचीने दुसरी. तांब्यामागून तांब्या, ओळीमागून ओळ. आवाज आला की कळायचं, बाई उभी आहे. सव्वीस वर्षं ही ओवी रोज दोनदा म्हटली गेली. ओवी बांधली शालनने, हसल्या त्या लीलाताई, आणि मग त्यांनाही ती पाठ झाली.

आज ती ओळ आठवत नाही. लीलाताई तोंड उघडतात. ऊन ऊन पाण्याचा. पुढे काय? पुढे काय?

"म्हण की," आतून शालन म्हणते. "पाणी निवतंय."

"शालन, आधी मला सांग. त्या दिवशी तू हाक मारलीस का?"

आत तांब्या ठेवल्याचा आवाज. "कुठल्या दिवशी?"

"आपला अबोला होता त्या दिवशी. डाळीवरून. तू गायलीच नाहीस. आत पाणी वाहत होतं पाऊण तास, आणि मी बाहेर ती मिसळलेली डाळ निवडत बसले. मला वाटलं, मला चिडवायला नळ सोडलायस."

"तेवढी खट आहेच मी," शालन म्हणते. "नाही मारली हाक. पडल्यावरसुद्धा वाटलं, आधी लीलाने बोलावं. डाळ कुणी ओतली होती गं तुझ्या डब्यात?"

"तू."

"मग मीच आधी बोलायला हवं होतं. तेवढं जमलं नाही बघ."

लीलाताईंना हसू येतं, की रडू, त्यांनाच कळत नाही. दार ढकलावं म्हणून हात लावतात, तर दाराऐवजी हाताला नदीचं पाणी लागतं. कृष्णेचा घाट आहे, पायऱ्या कोरड्या, आणि शालन खालच्या पायरीवर केस पिळत उभी. पलीकडच्या काठावर आपलं घर दिसतंय, त्यात प्रणिता खिडकी लावते आहे.

"घरात एवढं शांत का आहे?" शालन विचारते.

"पोरगी निघालीय."

"रुसलंय कोण? ती की तू?"

"कुणीच नाही. सांगता येत नाही मला."

"मग तिने काय समजायचं? म्हातारी पाण्याची कंजूष आहे?" शालन दोन पायऱ्या वर येते. "आणि ती गेल्यावर तुझं कोण ऐकणार गं? तूही आंघोळ करतेसच ना? का सोडलीस?"

"करते."

"पाऊल तुझंही घसरतं, लीला."

ती आणखी वर येते, लीलाताईंच्या मागे जाते. पाठीवर तिचा हात पडतो, पहाटपाळीला उठवताना पडायचा तसा, सपाट आणि जोरात.

"ऊठ. आधी तू बोल."

पंखा गरगरतोय. चटई. तांबूस उजेड. लीलाताई उठून बसल्या आहेत आणि दारात प्रणिता उभी आहे, खांद्याला बॅग.

"मावशी, झोपेत गात होता तुम्ही."

"काय गात होते?"

"पाण्याचं काहीतरी. आणि मग, 'आवाज सयेचा, दारी आला'. तेच तेच, सारखं."

लीलाताई तिच्याकडे बघत राहतात. ओळ बाहेर तर आली, पण कधी, ते त्यांना कळलेलं नाही. मग त्या बोलायला लागतात. शालन कोण. डाळ कशी मिसळली. पाणी किती वेळ वाहिलं. शेवटी दाराची कडी कुणी तोडली. मध्ये थांबतात, पुन्हा सुरू करतात. प्रणिता कधी खाली बसली, दोघींनाही कळत नाही.

"आधी का नाही सांगितलंत?"

"तू घाबरशील म्हणून. नाही, खोटं. मीच घाबरत होते." लीलाताई नाक पुसतात. "कडी लावून देते नवीन. दार वाजवणार नाही. तू आत गुणगुणत राहा, मी बाहेरून ओ देईन. आणि मी आत असेन तेव्हा तू दे."

"मला गाता येत नाही, मावशी."

"तिलाही येत नव्हतं."

प्रणिता खाली बघून हसते. "आज केस धुवायचेत मला. वेळ लागेल."

"लागू दे."

लीलाताई चटईची घडी घालायला वाकतात, तशी प्रणिता जवळ येते.

"मावशी, ब्लाऊज ओला कसा तुमचा? मागे, पाठीवर." ती आणखी वाकून बघते. तिचे स्वतःचे हात कोरडे आहेत, ती ते एकदा उलटसुलट करून पाहते. "पाच बोटं उमटलीत."

"राहू दे," लीलाताई म्हणतात. "वाळेल तेव्हा वाळेल."