शांतवनमामांची दोन बोटं

गाडी सुरू करण्याआधी शांतवनमामा डोळे मिटून देवबापाचं नाव घ्यायचे आणि डोळे उघडले की टाकीत काठी घालायचे. दोन्ही गोष्टी सारख्याच श्रद्धेने चालत. काठी बाभळीची, हातभर लांब, चाकूने खाचा पाडलेली. एक खाच म्हणजे एक गॅलन. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली होती. सीट उचलून ते काठी आत सोडत, वर काढत, ओल कुठवर आली ते उजेडाकडे धरून पाहत आणि आम्हा उतारूंना मोठ्याने सांगत, "तीन खाचा हायेत, मंडळी. शिरूर लांब हाय. जपून बसा." जपून बसल्याने पेट्रोल कसं वाचतं, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

दुसऱ्या लढाईचे दिवस होते. नगरच्या ट्रेनिंग कॉलेजातून मी नुकतीच बाहेर पडले होते आणि सुप्याच्या पुढच्या एका गावात मला शाळा मिळाली होती. शनिवारी नगरला घरी यायचं आणि सोमवारी सकाळी सातच्या मोटारीने शाळेला जायचं, असा माझा क्रम होता. नगर ते शिरूर अशा तीन खाजगी मोटारी तेव्हा धावत. त्यातल्या दोन जरा बऱ्या दिसायच्या. तिसरी शांतवनमामांची. ते स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर. क्लिनर ठेवलेला नव्हता. इंजिन सुरू करायचं हँडलही स्वतःच मारत. मागच्या लढाईत त्यांनी इराकातल्या बसऱ्याला लष्कराच्या लॉऱ्या चालवल्या होत्या. त्या वेळचा खाकी कोट वैशाखातही अंगावरून उतरत नसे. उंच, वाळकुडा माणूस. भेटला की दोन बोटं कपाळाला लावून म्हणणार, "सलाम बाई. लौकर आला. बरं झालं."

मी त्यांच्या गाडीत बसायचे ते काही प्रेमापोटी नव्हे. त्यांच्या गाडीचं तिकीट एक आण्याने कमी होतं, एवढंच कारण. ते कमी का, याची चौकशी मी कधी केली नाही. स्वस्त मिळालेल्या वस्तूची चौकशी कोण करतो?

कारण कळलं ते ठकूबाईकडून. ही सुप्याकडची भाजीवाली. दिवसाआड रिकामी पाटी घेऊन ती नगरहून परतायची आणि सोमवारी नेमकी माझ्या शेजारी बसायची. तिने सांगितलं ते असं. पेट्रोल तेव्हा रेशनवर होतं. नगरच्या पंपावर मोटारीला एका वेळी तीन गॅलन मिळत, आणि शिरूरला पोचायला एरवी चार लागत. मधे सुप्याच्या अलीकडे एकच पंप होता. काचेच्या नळकांड्याचा, हाताने दांडा मारायचा. त्या पंपाच्या शेठने कूपन घेऊन वर गॅलनमागे दोन आणे जास्त मागायला सुरुवात केली होती. सरकारी भावाचा कागद भिंतीवर होता, पण त्यावर कॅलेंडर टांगलेलं. दुसऱ्या दोन्ही मोटारवाल्यांनी ते दोन आणे मुकाट्याने दिले आणि त्या निमित्ताने वीस-वीस उतारूंच्या तिकिटावर एकेक आणा चढवला. शेठपेक्षा त्यांचंच जास्त फावलं. फक्त शांतवनमामा म्हणाले, "मी न्हाई देनार."

"मग चौथा गॅलन आणतात कुठून?" मी विचारलं.

"आनत न्हाईत. आपन वाचिवतो की," ठकूबाई म्हणाली. तेवढ्यात कामरगावचा चढ आला, मामांनी गाडी थांबवली आणि मागे वळून हाक दिली, "उतरा, मंडळी! चढाला मानसानं चालावं, उताराला गाडीनं."

सगळे उतरले. म्हातारे, लेकुरवाळ्या आणि आजारी तेवढे आत राहिले. रिकामी गाडी घरघरत चढावरून पुढे गेली आणि आम्ही मागून चालत निघालो. तोवर मला वाटत होतं, इंजिन म्हातारं झालं म्हणून आपल्याला उतरवतात. उतार आला की मामा इंजिन बंद करत आणि गाडी नुसती वाऱ्याच्या आवाजात खाली जायची. चाकांतली हवा रोज तपासत, टपावर जादा ओझं घेत नसत, आणि ऊन तापायच्या आत शिरूर गाठायची घाई करत. एवढं सगळं केलं की तीन खाचांत शिरूर यायचं. कधी काठीचं टोक जेमतेम ओलं असायचं, कधी तेही नसायचं.

हे रोजचं होतं, आणि रोज हरण्याची भीती होती. मोटारीच्या परवान्याची अटच अशी होती की खेप रोज झाली पाहिजे. गाडी वाटेत अडकून पडू लागली तर परवाना जाणार, आणि तो गेला की मामांकडे चढाजवळच्या चार एकर माळरानाशिवाय काही नव्हतं. शेठलाही हे पुरतं ठाऊक होतं. आमची गाडी पंपासमोरून गेली की तो गादीवरून उठून दारात यायचा आणि हसून नमस्कार करायचा. मामाही तितक्याच अदबीने सलाम करायचे.

मला मात्र हा सगळा हेकटपणा वाटायचा. एकदा मी म्हटलंच, "मामा, एका गॅलनचे दोन आणे. देऊन मोकळे व्हा ना! त्यापायी एवढी माणसं पायपीट करतात."

"दोन आन्यांचं न्हाई, बाई," ते म्हणाले. "चार जनांनी गुमान दिलं की त्योच भाव हुतो. मग कागद फाडून टाका नि काय."

चालण्यावर भागत नाही म्हणून त्यांनी आणखी एक काम मागे लावून घेतलं होतं. समोरून लॉरी आली की ते हात खिडकीबाहेर काढून दोन बोटं दाखवत. पुढच्या पंपावर दोन आणे जास्त आहेत, असा त्याचा अर्थ. सुरुवातीला लॉरीवाल्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला बिडी हवी. एकाने तर खरंच थांबून दोन बिड्या काढून दिल्या. मामांनी त्याला अर्थ समजावला, बिड्या परत दिल्या आणि म्हणाले, "फुडच्याला सांग." महिन्याभरात त्या रस्त्यावर बोटांची भाषा चालू झाली. कुणी एक दाखवी, कुणी दोन. मूठ दाखवली की समजायचं, तिथला भाव बरोबर. नगरपासून पुण्यापर्यंतचे भाव असे या हातातून त्या हातात जाऊ लागले.

आणि मग तो सोमवार उजाडला. मामांच्या टाकीची नळी वाटेत झिरपू लागली होती. सकाळी काठी घातली तेव्हा तीन खाचा होत्या. गळती चढावर कळली. त्यांनी साबणाचा गोळा लावून नळी बुजवली, पण जायचं ते गेलं होतं. सुप्याचा पंप हाकेच्या अंतरावर राहिला आणि इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. मामा उतरले, सीट उचलली, काठी आत घातली आणि वर काढली. काठी पार कोरडी होती. त्यांनी ती धोतराला पुसली. खरं तर पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं.

शेठ दारात आला. त्याने आज नमस्कारही केला नाही, नुसता पंपाच्या दांड्यावर हात ठेवून उभा राहिला. "या मामा," तो लांबूनच म्हणाला, "किती गॅलन भरू?"

मामांनी काठी सीटखाली ठेवली. गाडीत वीस-बावीस माणसं. माझी शाळा अकराची, आणि त्या दिवशी तपासणीला साहेब यायचे होते. माझा धीर सुटला. मी पिशवीतून दोन आणे काढले आणि मामांपुढे धरले. "वरचे मी देते. तुम्ही दिले असं होणार नाही. चला आता."

शांतवनमामा माझ्यावर एकदाच रागावले, ते तेव्हा. आवाज चढला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "बाई, तुमी शिकलेल्या. तुमच्या पिशवीत हायेत म्हनून देताय. आज तुमी दिलं, उद्या ह्या ठकूबाईला द्यावं लागंल. तिनं कुटनं आनायचं?"

मी दोन आणे पिशवीत टाकले. इतकी लाज मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटली असेल. ठकूबाईने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने मांडीवरची पाटी सीटवर ठेवली, खाली उतरून पदर खोचला आणि गाडीच्या मागे जाऊन दोन्ही हात टेकले. "उतरा रं समदी!" ती ओरडली. "बसून ऱ्हायला काय लग्नाला आलाय व्हय?"

आम्ही गाडी ढकलली. बाया, बापे, एक पोस्टमन, नव्या इरकलीतली मी. मामा बाहेरूनच एका हाताने स्टिअरिंगचं चाक धरून चालत होते. पंपासमोर आलो तेव्हा गाडी जवळजवळ थांबली, इतका तिथे चढ खडा होता. कुणी दम टाकायलाही वर पाहिलं नाही. शेठ दांड्यावर हात ठेवून तसाच उभा होता. गाडी त्याच्या दारावरून पुढे सरकली, तेव्हा मामांनी मोकळ्या हाताने रोजच्यासारखा सलाम केला.

पुढच्या उतारावर गाडी आपली आपण धावली आणि उतार संपला तिथे उभी राहिली. आता काय, हा प्रश्न होताच. तासाभराने मागून नगरकडची एक लॉरी आली. ड्रायव्हर खाली उतरला. पेट्रोलचा डबा त्याच्या हातातच होता. "मामा, तुमची बोटं बगून म्हैना झाला, त्या पंपावर उबा न्हाई ऱ्हायलो," तो म्हणाला. "शेठ एकटाच बसलाय तितं. ह्ये घ्या गॅलनभर." मामांनी सरकारी भावाने पैसे पुढे केले. तो घेईना. मामा म्हणाले, "फुकट बी नगं. फुकट ह्यो बी चुकीचाच भाव." शेवटी त्याने घेतले. आम्ही बाराला शाळेपाशी पोचलो आणि एकच्या सुमाराला खेप शिरूरला पूर्ण झाली. साहेब माझ्या आधी येऊन बसले होते. त्यांनी उशिराचं कारण विचारलं. मी खरं सांगितलं. त्यांनी काय लिहिलं, ते मला कधी कळलं नाही.

त्या सोमवारनंतर पंधरवड्याच्या आत पंपाच्या भिंतीवरचं कॅलेंडर निघालं. भावाचा कागद दिसू लागला. लॉऱ्या थांबेनात म्हटल्यावर शेठ तरी किती दिवस धरणार? पहिल्यांदा आत शिरली ती आमची गाडी. शेठने दांडा मारला. पेट्रोल काचेत चढलं. मामा म्हणाले, "फेस बसू द्या." फेस बसला, पेट्रोल टाकीत गेलं, काठी आत गेली आणि बरोबर एक खाच जास्त ओली होऊन आली. "बरूबर," मामा म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भांडणाचा शब्द तेव्हाही निघाला नाही.

मला वाटलं, झालं, जिंकलो. मामांचं काम मात्र संपलं नव्हतं. त्या दिवसापासून प्रत्येक लॉरीला ते मूठ दाखवू लागले. बोटं दाखवली होती तितक्याच नेमाने. मी म्हटलं, "मामा, आता पुरे की. त्याचं गिऱ्हाईक त्याचं तो बघेल."

"वाईट सांगताना मी दमलो न्हाई," ते म्हणाले, "मग चांगलं सांगताना का दमू?"

स्वराज्य आलं. पुढच्या साली या रस्त्यावर सरकारी गाड्या सुरू झाल्या आणि खाजगी मोटारींचे परवाने संपले. ज्या परवान्यासाठी मामांनी माणसं चालवली, गाडी ढकलली, तो असा एका कागदाने गेला. मोटार मोडीत निघाली. मामा चढाजवळच्या माळरानात बाजरी करू लागले. मला या गोष्टीचा फार राग आला होता, तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

सरकारी गाडीत मी पहिल्यांदा बसले तेव्हा कामरगावचा चढ आला आणि आम्ही आठ-दहा जण उठून उभे राहिलो. कंडक्टर ओरडला, "अहो, बसा! गाडी चढते."

"चढू दे की बाबा," ठकूबाई म्हणाली, "आमचं पाय आपसूक उठत्यात."

चढाच्या माथ्यावर शांतवनमामा उभे होते. अंगात तोच खाकी कोट, हातात तीच काठी. आता तिने ते शेळ्या वळत होते. गाडीचा ड्रायव्हर म्हणजे तोच डबा देणारा लॉरीवाला. त्याने ब्रेक लावला. मामा माझ्या खिडकीशी आले.

"सलाम बाई. तिकीट दावा."

मी दिलं. त्यांनी ते हातभर लांब धरून वाचलं. "लिवल्यालं हाय ह्ये. घेतलं किती?"

"तेवढंच," मी म्हटलं.

"आन ठकूबाई, तुज्या पाटीचं?"

"त्येबी लिवल्यालंच घेतलं, मामा."

ते गाडीकडे पाहत राहिले. चाकांकडे, टपाकडे, बसलेल्या माणसांकडे. मला मनापासून वाटत होतं, मामांनी काहीतरी खोट काढावी. एक बोट तरी दाखवावं. त्यांनी तिकीट नीट घडी घालून मला परत दिलं. तेवढ्यात समोरून एक लॉरी आली. मामा रस्त्याच्या कडेला दोन पावलं पुढे झाले, हात उंच केला आणि तिला आमच्या गाडीकडे बोट करून मूठ दाखवली.

गाडी सुटली. माझे डोळे भरून आले होते. मी मूठ वळून हात खिडकीबाहेर काढला. कंडक्टर म्हणाला, "बाई, हात आत घ्या." मामा दिसेनासे होईपर्यंत मी तो आत घेतला नाही.