पाठमोरी परीक्षा

आमच्या लालबागच्या चाळीत एक मालवणी गिरणी कामगार होते. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात घोषणा त्यांनीच द्यायच्या. त्यांचा आवाज पुढल्या नाक्यापर्यंत जायचा. घरातही तोच आवाज. त्यांनी चहा मागितला की समोरच्या चाळीतली बाई दचकायची.

माझं उलटं. मुलाखतीत साहेबाने नाव विचारलं की ते ओठांतच राहायचं. दोन नोकऱ्या अशाच हुकल्या. तिसऱ्या खेपेआधी या शेजाऱ्यांनी मला चाळीच्या गॅलरीच्या एका टोकाला उभं केलं आणि स्वतः दुसऱ्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. "बोल!" ऐकू गेलं नाही की मागे न बघता नुसता हात हलवायचे. आठवडाभरात माझं नाव, गाव, शिक्षण अख्ख्या चाळीला पाठ झालं.

मुलाखत फोर्टात होती, पहिल्या मजल्यावर. खिडकी उघडी होती. मी नाव सांगितलं आणि साहेब खुर्चीसकट मागे सरकला. मग खो खो हसला. शेवटी म्हणाला, "सोमवारपासून या."

धावत खाली आलो. पलीकडच्या फुटपाथवर ते उभे होते, इमारतीकडे पाठ करून.

"तुजा सगळा आयकाक इला," ते म्हणाले. "सायबाचा काय्येक नाय. तेका धाड चाळीत, मी शिकवतंय."