ह्यू नसलेली ट्यूब

आठवीनंतर माझी शाळा सुटली. नंदुरबारकडचं आमचं गाव, तिथं इंग्रजीचं काम पडायचं नाही. त्यामुळं पुण्यात चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर उभी राहिले, तेव्हा ट्यूबवरची नावं मी नुसत्या आकारावरून ओळखायचे. ती वाचायला शिकवली खडकीच्या एका निवृत्त चित्रकला शिक्षिकेनं. त्या आमच्या गिऱ्हाईक. डोळे अधू, बारीक छपाई दिसायची नाही. "तुम्ही अक्षरं सांगा, मी शब्द जोडते," म्हणायच्या. असं करता करता जोडायला मीच लागले. या शहरात मला 'अहो' म्हणणारं ते पहिलं माणूस.

'ह्यू'सुद्धा त्यांनीच सांगितलं. नावापुढं ह्यू असेल तर आत ते मूळ रंगद्रव्य नाही, दुसऱ्या कशानं तरी तीच छटा आणलेली. मी आपलं मनात पक्कं केलं, ह्यू म्हणजे नक्कल.

बाई तेव्हा आजारी बहिणीचं चित्र काढत होत्या, डाळिंबी इरकली लुगडं नेसून ती बसलेली. एका दुपारी आल्या. "लुगड्याच्या लाल रंगासाठी अलिझरीन क्रिमझन ह्यू द्या. ह्यूच हं, नेहमीची." मला कसंसंच झालं. सख्ख्या बहिणीचं चित्र, आणि नकली रंगात? मी ह्यू नसलेली ट्यूब पिशवीत घातली. विचारलं असतं तर नको म्हणाल्या असत्या, म्हणून विचारलंच नाही. दिवसभर खुशीत होते.

पुढं बहीण गेली. लुगडं तिच्या अंगावरच गेलं. चित्र बाईंनी खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलं.

दीडेक वर्षानं ते घेऊन दुकानात आल्या. चेहरा, हात, खुर्ची सगळं जागच्या जागी, लुगडं तेवढं विटलेलं. मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"बाई, अस्सल अलिझरीन वापरलीत की काय? ती उन्हानं उडते. म्हणून तर ह्यूमध्ये टिकाऊ द्रव्य घालतात. नाव नाही, ट्यूबमागचा रंगद्रव्याचा नंबर बघायचा. एवढी वर्षं पोरांना शिकवलंत ना?"

"शिकवलं. आता मास्तरीणच नापास." बाई हसल्या. "घरातली जुनी ट्यूब उचलली असणार. मला मेलीला दिसतंय कुठं!"

मी तिथंच होते. मालकांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. तरी नोकरी जाईल, बिबवेवाडीची खोली सुटेल, गावी काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात. गप्प राहिले.

त्यानंतर बाई आल्याच नाहीत. आठेक महिन्यांनी त्यांची शेजारीण कोरे कागद परत घ्याल का विचारायला आली. "चित्रं सोडली त्यांनी. कुठला रंग उचलते तेच कळत नाही म्हणतात."

रविवारी मी खडकीला गेले. दारातच सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मी ह्यूच मागितली होती?"

"हो बाई. दोनदा म्हणालात."

"अहो, मग तेव्हाच बोलायचं की! मी इथं स्वतःला आंधळी ठरवून बसले."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आतून कागद आणला, ब्रश भिजवला आणि एक रेघ ओढली. रेघ थरथरली. पुन्हा ओढली, तीही तशीच.

"हे नवीन आहे," त्या म्हणाल्या. "काढत होते तोवर हात असा नव्हता."

कागद सरकत होता. मी तो दोन्ही हातांनी दाबून धरला.