मोटारीचा आडवा दांडा

मला गाडी लागते हे माझ्या नवऱ्याला लग्नाच्या दिवशीच कळलं. वरातीच्या मोटारीत मी ओकले होते. पुढे त्यांनी स्वतःची मोटार घेतली, तेव्हा मी तिच्यात बसणार नाही असं सांगून टाकलं. त्यांनीही आग्रह केला नाही.

एका जिनिंगवाल्या शेठने वापरून सोडलेली ती मोठी विलायती गाडी होती. यवतमाळहून धामणगाव स्टेशनावर प्रवासी न्यायचे आणि तिकडून आणायचे, हा आमचा धंदा. वाटेत घाट. वळण आलं की गाडी बाहेरच्या अंगाला एवढी कलायची की आतल्या बाया एकमेकींच्या अंगावर पडायच्या. तेव्हा एस.टी.च्या बस वाढत चालल्या होत्या. बस हळू जायची, पण कलायची नाही. बायांनी बस धरली, आणि त्यांच्यामागे नवरे, ट्रंका, वळकट्या सगळं बसमध्ये गेलं.

दिवाळीपर्यंत प्रवासी परत आले नाहीत तर मोटार विकायची आणि वणीला जाऊन कोळशाचा ट्रक चालवायचा, असं यांनी ठरवलं. मग घरी येणं महिन्यातून एकदा. मला ते नको होतं. प्रेमबिम काही नाही. घरात सासू, मी आणि अंगावर पिणारी मुलगी एवढ्याच उरलो असतो. हे घरी असले की सासू तोंड जरा आवरायची, नसले की दिवसभर चालू.

गाडी दुरुस्त करणारे एक मुसलमान मिस्त्री होते. वयाने मोठे, सगळे त्यांना चाचा म्हणत. ते गाडीखाली शिरले, बऱ्याच वेळाने बाहेर आले आणि म्हणाले, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे थकले आहेत आणि नवे मिळायचे नाहीत. पण पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक पोलादी दांडा आडवा बसवला, तर एक बाजू दबताना तो दुसरीलाही धरून ठेवेल आणि गाडी कमी कलेल. लढाईनंतर लिलावात निघालेल्या मोटारींच्या भंगारातून त्यांनी तसे तीन दांडे जमवले होते. एक करंगळीएवढा, एक अंगठ्याहून जाड, एक मधला. कोणता घालायचा हे कोणालाच माहीत नव्हतं.

"चालवून पाह्यतो," हे म्हणाले.

"चालवणाऱ्याले काय समजते? तो चाक धरून बसते," चाचा म्हणाले. "मागं बसणाऱ्याले विचार. तोच खरं सांगन."

"मंग आमच्या घरी हाय ना एक. पेट्रोलच्या वासानंच ओकते."

असं मला बोलावणं आलं. भाकरी थापून, भांडी घासून, पोरीला शेजारणीकडे टाकून मी गेले. आधीच जीव शिणलेला, त्यात हे. पण वणी टळणार असेल तर ओकायला माझी ना नव्हती.

बारीक दांडा घातला आणि घाटात नेलं. तिसऱ्या वळणावर मी ओकले. जाड दांडा घातला. गाडी वळणावर पाटासारखी सपाट राहिली, पोटही जागेवर राहिलं, पण रस्त्यावरच्या बैलगाड्यांच्या चाकोरीत एक चाक गेलं की दोन्ही बाजूंनी धक्का बसायचा. दात वाजायचे, कंबर मोडायची. शिवाय दांडा जिथे गाडीच्या सांगाड्याला धरला होता तिथलं लोखंड चिरलं. मग चाचांनी तिथे आडवी पट्टी मारून सांगाडा बळकट केला, आणि पुन्हा घाट. मग मधला दांडा, पुन्हा घाट.

घरी सासू वाटच पाहत असायची. "काय वो, आज किती खेपा ओकली? आमी बैलगाडीनं माहूरले गेलतो, कधी तोंड वाकडं नाही केलं. आताच्या पोरीयचं पोट कागदाचं."

मधल्या दांड्यावर मला काहीच झालं नाही. हे खूश झाले. चाचा मात्र खूश दिसेनात. त्यांनी गाडीखाली जाऊन काहीतरी खटपट केली आणि म्हणाले, "बहू, और एक चक्कर."

त्या फेरीत मला झोप लागली. परत आलो तेव्हा चाचा हसत होते. दांडा त्यांच्या हातात होता. गाडीला त्यांनी काहीच लावलं नव्हतं.

"बहूले तं गाडी लागनंच बंद झालं!" ते म्हणाले. "रोज बसून बसून सवय झाली. आता हा मोजायचा काटा बिघडला भाऊ, दुसरा आण."

हे डोकं धरून पायरीवर बसले. माझी इतकी वर्षांची खोड गेली होती आणि तिचं कोणाला कौतुक नव्हतं. मलाही नव्हतं. दिवाळी जवळ आली होती.

दुसरा काटा म्हणून सासूला बसवायचं ठरलं. मुलाच्या मोटारीत ती कधी बसलीच नव्हती. नवं लुगडं नेसून, पानाची चंची घेऊन, शेठाणीसारखी मागे टेकून बसली. शेजारी मी. मधलाच दांडा घातला होता. दोन वळणं बोलत होती, तिसऱ्याला गप्प झाली, पाचव्याला पदर तोंडात. घाट उतरल्यावर यांनी गाडी थांबवली, तशी उतरून दगडामागे गेली. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे गेले. पोटात काही शिल्लक राहिलं नाही इतकी ओकली. मी पाठ चोळली.

"मले काही झालं नाही," ती म्हणाली. "पान लागलं. सांगशीन तं पाह्य."

गाडीशी येऊन तिने मुलाला सांगितलं, "झकास हाय. पाळण्यासारखी चालते."

हे हसले. म्हणाले, "मंग हाच दांडा पक्का करून टाकू."

मी म्हटलं, "आई ओकल्या."

"खोटं बोलते भवाने!"

"दगडामागं जाऊन पाहा," मी यांना म्हटलं. यांनी जाऊन पाहिलं.



शेवटी चाचांनी जाड दांडाच बसवला, आणि स्प्रिंगच्या पाट्यांत शेठने कापसाचे गठ्ठे वाहायला घातलेलं जास्तीचं एक पान काढून टाकलं. त्याने धक्के कमी झाले. पूर्ण गेले नाहीत. सासूला पुन्हा बसा म्हणायची कोणाची छाती नव्हती, म्हणून यांनी शेजारच्या दोन बायांना धामणगावपर्यंत फुकट नेलं. त्यांनी कंबरेच्या तक्रारी केल्या, पण ओकल्या नाहीत. कंबर दुखली तरी बाया चारचौघांत मिरवून सांगतात. ओकणं मात्र कोणाला आवडत नाही. हळूहळू बाया मोटारीत यायला लागल्या. मोटार विकली नाही. वणीचं नाव निघालं नाही.

मग काय झालं ते सांगते. पहाटेच्या आगगाडीचे प्रवासी न्यायला हे अंधारात जायचे आणि रात्रीच्या गाडीचे घेऊन यायचे, तेव्हा आम्ही झोपलेलो असायचो. मधल्या वेळात धामणगावलाच बाजेवर पडायचे. ट्रक चालवायला गेले असते तर महिन्यातून दोन दिवस तरी घरात दिसले असते. इथे तेही नाही. आणि सासूने माझ्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. मीठ हवं असलं तर पाळण्यातल्या पोरीला सांगायची, "तुझ्या मायले म्हण, मीठ वाढ." पोर बिचारी बोलायला लागायची होती. मी मीठ वाढायची.