पत्रूचे कडीवाले मासे

माझा मोठा भाऊ पत्रू वैनगंगेवरचा धीवर. आखाडात मासे अंडी घालायला धारेच्या उलट वर चढतात, आणि नेमकं तेव्हाच मासेमारीचा ठेकेदार या काठापासून त्या काठापर्यंत जाळं ताणायचा. आमच्या गावापर्यंत मासोळी पोचेनाशी झाली. ते जाळं दोन महिने बंद व्हावं, एवढंच पत्रूचं म्हणणं. अर्ज घेऊन तो चांद्याला इतक्यांदा गेला, की कचेरीतला शिपाई त्याला पाहून आपणच उठून आत जायचा.

छप्पन साली नागपूरहून एक साहेब आले. मासे कमी निघाले तर जाळं बंद करू, म्हणाले. मोजायची त्यांची रीत अशी : चारशे मासे धरून ओठात तांब्याची कडी घालायची आणि सोडायचे. मग बाजारातल्या टोपल्यांत कडीवाले किती येतात ते पाहायचं. बरेच आले तर नदीत मासे थोडे, तुरळक आले तर नदी भरलेली. लोकांना मात्र सांगायचं नाही, नाहीतर ते खोटेच कडीवाले आणतील.

कड्या घालायला पत्रू महिनाभर कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. पायाची बोटं कुजली. दिवाळीपर्यंत कडीवाले आले सात. नदी भरलेली आहे, असं साहेबांनी लिहून टाकलं.

पत्रू घरी येऊन भिंतीला टेकला. मी म्हटलं, "सातच कसे रे दादा? अकरा तर मीच परत पाण्यात सोडले."

"काऊन सोडले?"

"नवसाचा मासा कोणी खाते का?"

माता मायचा नवस फेडताना आम्ही माशाच्या ओठात कडी घालून सोडतो. पत्रूनं जाळ्यासाठी चारशे माशांचा नवस फेडला, असंच सगळं गाव समजलं होतं. त्याच्यासाठीच सगळ्यांनी सोडले. तो घरोघर आकडा विचारत फिरला, पण पुण्य कमी कोण सांगेल? बेरीज नऊशेवर गेली. साहेबांनी ती बाजूला सारली आणि पुढच्या आखाडात पुन्हा मोजू म्हणाले.

पन्नाशीचा पत्रू पुन्हा पाण्यात उतरला. या खेपेला कडी नाही, शेपटीचं टोक कापलं. साहेबांचा हुकूम मोडून संध्याकाळी दारोदार सांगत हिंडला, "शेपटी कापलेला नवसाचा नाई, बाई. सोडजा नोको, बाजारात आणजा."

आणले. टोपलीटोपलीत निघाले. अठ्ठावन साली जाळं उठलं. पत्रूचे गुडघे तोवर कामातून गेले होते. आखाडात त्याला हात धरून काठावर नेलं. गढूळ पाण्यात पाठी चमकत होत्या. किती असतील रे, मी विचारलं.

"आता कोण मोजते, बाई," तो म्हणाला. "जाऊ दे त्यायले."