आतली कडी

आमच्या आत्याच्या घरी आंघोळीला गेलेला पाहुणा गाणं म्हणतो. गळा असो वा नसो. त्या घरात न्हाणीघराला आतून कडी नाही, आणि आवाज थांबला की न्हाणीघर रिकामं झालं असं समजून कोणीही दार ढकलतं. माझे वडील तर तोंडावर साबण असतानाही सूर सोडत नाहीत.

कड्या आत्यानंच काढवल्या. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचा बापूकाका, एकदा न्हाणीघरात अडकला होता. बापूकाका जन्मापासून सगळ्यातच सावकाश. चाळिशी उलटली, तरी शर्टाची बटणं लावायला त्याला अर्धी सकाळ लागते आणि एक वाक्य बोलायला उरलेली अर्धी. त्या दिवशी त्याला कडी उघडेना आणि हाकही मारवेना. सुतारानं दार फोडलं तेव्हा तो कोपऱ्यात रिकामी बादली छातीशी धरून बसला होता. आत्यानं सुताराला तसंच थांबवलं आणि घरातली एकूण एक कडी उपटायला लावली. तेव्हापासून बापूकाकाची बटणं तीच लावते, चहाही बशीत ओतून, फुंकून देते. एरवी ती शाळेचे गणवेश शिवते. लग्नाचं कोणी विचारलंच तर म्हणते, "एक पोरगं आहे की पदरात."

बापूकाकाला मित्र एकच, सगळे ज्याला रेडिओ म्हणतात तो. त्याचंही दुखणं तसंच, फक्त उलट्या अंगानं: हा बोलत नाही, तो थांबत नाही. दिवसभर दोघं अशाच माणसांसाठीच्या एका केंद्रात कागदी पिशव्या चिकटवायचे आणि संध्याकाळी रेडिओच्या घरी बसायचे. मग रेडिओची आई वारली. दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्याला तात्पुरतं इस्पितळातल्या एका खाटेवर ठेवलं. तिथून त्याची रवानगी शहराबाहेरच्या मोठ्या वसतिगृहात होणार होती, एका दालनात ओळीनं खाटा असतात तसल्या. बापूकाका रोज संध्याकाळी उंबऱ्यात उभा राहून विचारायचा, "रेडिओ?"

आत्या तडक समाजकल्याणच्या कचेरीत गेली. "माझ्याकडे पाठवा. एक सांभाळतेच आहे, दुसराही सांभाळीन." असं कोणालाही देता येत नाही, आधी मान्यताप्राप्त काळजीवाहक व्हावं लागेल, असं उत्तर मिळालं. प्रशिक्षण, पोलिसांचा दाखला, घराची तपासणी.

"भावाला सांभाळता सांभाळता केस पिकले, तेव्हा नाही कोणी मान्यता विचारली," ती घरी येऊन धुसफुसली. पण गेली. मुलीच्या वयाच्या शिक्षिकेपुढं बाकावर बसून प्रथमोपचार शिकली. घशात घास अडकल्यावर काय करायचं याचा सराव तिनं माझ्यावर केला. माझ्या बरगड्या अजून साक्ष देतील.

तपासणीच्या बाई आल्या त्या दिवशी मी पाणी द्यायला हजर होतो. आत्यानं औषधांचं कुलूपबंद कपाट दाखवलं, न्हाणीघरातली खरखरीत फरशी दाखवली, आणि शेवटी मोठ्या अभिमानानं म्हणाली, "एकाही दाराला आतून कडी ठेवलेली नाही." बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. आत्यानं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

मग बाई बापूकाकासमोर खुर्ची ओढून बसल्या. "तुम्ही कसे आहात?"

आत्यानं मागं वळून पाहिलं, आणखी कोण आलंय म्हणून. बापूकाकाला आजवर कोणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"बरा आहे तो," ती म्हणाली.

"मी त्यांना विचारलंय, ताई."

"त्याला वेळ लागतो हो बोलायला."

"मला घाई नाही." आणि खरंच त्यांना घाई नव्हती. "तुमचा मित्र इथं राहायला आला तर चालेल तुम्हाला?"

आत्यानं पदराचा बोळा तोंडाशी धरला. बापूकाकानं बाईंकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, मग कितीतरी वेळ दाराकडे.

"नाही."

"अरे, रोज विचारतोस की त्याला!" आत्या उठलीच. बाईंनी नुसता हात वर केला.

"का नको?"

"रेडिओकडे कडी आहे." त्यानं बोटानं हवेत कडी सरकवली. "आम्ही लावायचो. आत बसायचो. इथं ताई येते."

"मी चहा घेऊन येते रे," आत्या हळूच म्हणाली.

"हो. येतेस."

त्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. ते जास्त लागलं. आत्या खाली बसली आणि मांडीवरचा पदर उगाच सारखा करत राहिली.

निघताना बाई म्हणाल्या, "आत्ता मान्यता देता येणार नाही. पण अर्ज नाकारतही नाही. खोलीला कडी हवी, आणि तुम्ही दार वाजवून जायचं."

"आणि परत अडकला तर?"

"आतून लावता येईल आणि अडचणीत बाहेरूनही उघडेल, अशी कडी मिळते. शिवाय त्यांना उघडायला शिकवा."

"त्याला नाही जमायचं."

"शिकवलंत कधी?"

दुसऱ्या दिवशी आत्यानं सुताराला निरोप धाडला.

सुतार तोच आला. "काढायलाही मीच, लावायलाही मीच," म्हणाला. "यापुढं कड्या भाड्यानंच घ्या." नवी कडी बाहेरच्या खाचेत कशाचंही टोक घालून फिरवली की उघडायची. आत्या शिवणाची कात्री घेऊन दाराबाहेर उभी राही. आत बापूकाका कडी लावायचा, सोडवायचा, परत लावायचा. एका दुपारी आतून काहीच चाहूल येईना. तिनं कात्रीचं टोक खाचेत घातलं. मग बाहेर काढलं आणि दार वाजवलं.

"थांब," आतून आवाज आला.

"मला थांब म्हणाला," तिनं मला सांगितलं. गाऱ्हाणं होतं की कौतुक, ते तिलाही ठरवता येत नसावं.

बाई परत आल्या, त्यांनी परत तेच विचारलं. या खेपेला बापूकाका उठून खोलीत गेला, कडी लावली, कडी उघडली आणि बाहेर येऊन म्हणाला, "रेडिओ?"

मान्यता मिळाली. रेडिओ आईच्या पिशवीत आपले कपडे घेऊन आला आणि दारातूनच इस्पितळातल्या नर्सांच्या बातम्या सांगायला लागला. बापूकाकानं त्याला मनगटाला धरून खोलीत नेलं. आतून कडी वाजली.

आत्यानं दोघांचा चहा केला. दोन बशा घेऊन दारापाशी गेली आणि कोपरानं दार वाजवलं.

"नंतर," आतून बापूकाका म्हणाला. रेडिओचं चालूच होतं.

ती स्टूल ओढून दाराशी बसली. बशा शेजारी ठेवल्या. कात्री मशीनवर होती. तिच्याकडे एकदा पाहिलं, पण आणायला उठली नाही. चहा निवत गेला.